पाण्यात म्हैस, वर मोल : गेमचे पैसे आधीच भरावेत का?

पत्राचा गोषवारा

वय २५. मूळचा सातारा जिल्ह्यातला, पुण्यात हिंजवडीला पहिलीच नोकरी, पीजीमध्ये तिघांत एक खोली. महिन्याला हातात ३१ हजार येतात, त्यातले १० हजार घरी जातात. इंजिनिअरिंगपासूनचे चौघं मित्र दर शनिवारी रात्री ऑनलाइन एकत्र खेळतात. त्यातला एक बंगळुरूला आहे, एक कॅनडात. आपली रात्र ती त्याची सकाळ. अडीच महिन्यांनी चौघांनी मिळून खेळायचा एक मोठा गेम येतोय. पीसीवर साधी आवृत्ती ३,९९९ रुपयांना, डिलक्स ५,४९९ ला. डिलक्सवाल्यांना मंगळवारपासून खेळता येईल, बाकीच्यांना शुक्रवारपासून. शिवाय प्री-ऑर्डर करणाऱ्यांना, म्हणजे गेम यायच्या आत पैसे भरणाऱ्यांना, गेममधलं एक चिलखत आणि एक बंदूक, 'नंतर कधीच मिळणार नाही' अशी. तिघा मित्रांनी डिलक्स घेऊन टाकलंय. याचं बोट बटणापर्यंत जातं आणि परत येतं, कारण २०२० मध्ये साठवलेल्या पैशांतून आगाऊ घेतलेला एक गेम त्याच्या लॅपटॉपवर धड चाललाच नव्हता. ग्रुपवर एकाने 'तू नेहमीच मागून येतोस' असं लिहिलं, ते मनाला लागलंय. तो विचारतो : "ताई, प्री-ऑर्डर खरंच फायद्याची असते का, की मी उगाच घाबरतोय? नाही घेतलं तर मी ग्रुपमधून बाहेर पडेन असं वाटतं. आणि गेम बनवणाऱ्यांना पाठिंबा द्यायचा तर पैसे आधीच द्यायला हवेत ना?"

उत्तर

तुझ्या पत्रात गेमबद्दल चार-पाच ओळी आहेत आणि मित्रांबद्दल दीड पान. खरी टोचणी कुठे आहे ते त्यावरून कळलं आणि तिच्याकडे मी येणार आहे. पण तू पैशांचंही स्पष्ट विचारलंयस, म्हणून आधी त्याचं स्पष्ट उत्तर देते. आज पैसे भरू नकोस. गेम घ्यायचाच ठरला तर तो यायच्या एक-दोन दिवस आधी घे. तीसुद्धा प्री-ऑर्डरच धरली जाते, कारण नोंदणी सहसा गेम बाजारात येईपर्यंत उघडी असते. किंमत तीच, चिलखत तेच, बंदूकही तीच. मधले अडीच महिने पैसे मात्र तुझ्या खात्यात राहतात आणि मन बदलायची मोकळीक तुझ्याकडे राहते. बक्षिसाची शेवटची तारीख काय आहे तेवढी गेमच्या विक्रीच्या पानावर वाचून घे.

आपल्याकडे 'पाण्यात म्हैस, वर मोल' म्हणतात. म्हैस नदीत डुंबतेय, काठावरून तिची शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या दिसतायत, आणि काठावर उभं राहून तिचा भाव ठरतोय. पाय लंगडा आहे की कास सुकलीय, ते ती बाहेर आल्यावरच कळणार. गेमचा ट्रेलर म्हणजे ती शिंगं आहेत. देखणी असतात, मीही बघत बसते. पण तुझ्या लॅपटॉपवर, तुझ्या चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर तो गेम कसा पळेल, याचा त्या ट्रेलरशी काही संबंध नाही.

हा आगाऊ पैसे देण्याचा प्रकार आला कुठून, तेही सांगते, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. माझा भाचा आठवीत असताना त्याला कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, एका गेमची डिस्क हवी होती. मी त्याला घेऊन दुकानात गेले, पाचशे रुपये आगाऊ भरले, दुकानदाराने गुलाबी कार्बनकॉपीची पावती फाडून दिली. ती पावती त्याने कंपासपेटीत, कोनमापकाखाली घडी घालून ठेवली होती, दीड महिना. गेम यायच्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गेलो. दुकानात आठच डिस्क आल्या होत्या, आणि सकाळी थेट आलेल्या गिऱ्हाइकांना त्या चार पैसे जास्त घेऊन विकून झाल्या होत्या. 'पुढच्या लॉटमध्ये नक्की देतो,' असं आम्हाला सांगण्यात आलं. पोरगं काही बोललं नाही. दुकानाच्या पायरीवर बसून त्याने पावती उघडली आणि तारीख पुन्हा वाचली, जणू आपलीच काही चूक झाली असावी. ते पाचशे परत मिळवायला मला तीन हेलपाटे पडले. तो पायरीवरचा चेहरा मी विसरले नाही, म्हणून या विषयावर मी इतकं जीव तोडून लिहितेय.

तरीही सांगते, तेव्हा त्या पावतीला अर्थ होता. दुकानदाराने शब्द पाळला नाही ही गोष्ट वेगळी, पण डिस्क मोजक्याच यायच्या, गिऱ्हाइकं जास्त असायची, आणि आधी नाव लावलं की आपली एक बाजूला ठेवली जाईल अशी खात्री विकत घेता यायची. तू जे घेणार आहेस ती डिस्क नाही, फाइल आहे. ती कधी संपत नाही. मंगळवारी लाख जणांनी घेतली तरी शुक्रवारी तुझ्यासाठी तेवढीच शिल्लक असते. मोजका माल ही प्री-ऑर्डरची मूळ गरज होती. माल अमर्याद झाला आणि तरी प्रथा उरली, कारण ती विकणाऱ्याच्या सोयीची आहे. पैसे आधी जमा होतात, विक्रीचा अंदाज येतो, गुंतवणूकदारांना सांगायला मोठा आकडा मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गेम वाईट आहे असं जगाला कळायच्या आत बरीचशी विक्री होऊन गेलेली असते. धोका तेवढा तुझ्या माथी येतो.

सायबरपंक २०७७ चं उदाहरण तुला माहीत असेल, तरी नीट उलगडून सांगते, कारण त्यात प्री-ऑर्डरची सगळी दुखणी एका जागी सापडतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा हा गेम २०२० च्या एप्रिलमध्ये यायचा होता. तो सप्टेंबरवर गेला, मग नोव्हेंबरवर, आणि शेवटी १० डिसेंबरला आला. तोपर्यंत ८० लाख जणांनी आगाऊ नोंदणी केलेली होती. समीक्षकांना आधी दिल्या गेल्या त्या पीसीच्या प्रती, आणि व्हिडिओ परीक्षणात स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं दाखवायची त्यांना मुभा नव्हती. म्हणजे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे गिऱ्हाइकांना पैसे गेल्यावरच कळलं. तो अडखळत होता, मधेच बंद पडत होता. त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. २०२१ च्या जूनपर्यंत तो तिथे परत आला नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये २.० हे मोठं अपडेट आलं आणि आज तो खरोखरच उत्तम गेम मानला जातो. सेलमध्ये निम्म्या किमतीला किंवा त्याहून कमीलाही मिळतो. ज्यांनी सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त पैसे दिले, त्यांना सगळ्यात वाईट गेम मिळाला. ज्यांनी वाट पाहिली त्यांना तोच गेम दुरुस्त होऊन, स्वस्तात मिळाला. दुसऱ्या कुठल्या बाजारात आपण हे खपवून घेऊ का? आंबे आगाऊ सांगणाऱ्याला आंबेवाला निदान कच्चे देत नाही.

तू पीसीवर खेळतोस म्हणून आणखी एक. बॅटमॅन : अर्कम नाइट २०१५ च्या जूनमध्ये आला तेव्हा कन्सोलवर ठीक होता आणि पीसीवर इतका वाईट, की कंपनीला एक-दोन दिवसांत पीसीची विक्री थांबवावी लागली. ती ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. 'गेम छान आहे' असं कन्सोलवाला मित्र सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्याचं छान तुझ्या कामाचं असतंच असं नाही. २०२० मध्ये तुझंही असंच काहीसं झालं असणार. त्याला तू भीती म्हणतोयस. मी त्याला अनुभव म्हणेन. एकदा हात पोळलेला माणूस तवा तापलाय का ते आधी बघतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता चिलखत आणि बंदूक. 'नंतर कधीच मिळणार नाही' हे वाक्य तुला हलवण्यासाठीच लिहिलेलं असतं. अशा वस्तू पुष्कळदा पुढे सगळ्यांना वाटल्या जातात किंवा वेगळ्या विकल्या जातात, आणि नाहीच मिळाल्या तरी सुरुवातीची बंदूक दहा तासांच्या खेळानंतर कुणी हातात धरत नाही. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. या आमिषाला गिऱ्हाइकांनी एकदा मिळून नकार दिला होता, ती गोष्ट मला फार आवडते. २०१५ मध्ये स्क्वेअर एनिक्स कंपनीने डेउस एक्स : मॅनकाइंड डिव्हायडेड या गेमसाठी योजना काढली, की जितके जास्त लोक आगाऊ पैसे भरतील तितके बक्षिसांचे टप्पे उघडतील, आणि शेवटच्या टप्प्यावर गेमच चार दिवस आधी मिळेल. म्हणजे आपल्याला बक्षीस हवं तर आपणच शेजाऱ्याला पैसे भरायला लावायचं. लोक इतके चिडले की महिन्याभरात कंपनीने योजना गुंडाळली आणि सगळी बक्षिसं प्री-ऑर्डरवाल्या सगळ्यांना, तसंच पहिल्या दिवसाची आवृत्ती घेणाऱ्यांनाही देऊन टाकली. 'कधीच मिळणार नाही' हा नियम किती लवचीक असतो ते त्यातून दिसतं.

पहिल्या रात्रीचं आकर्षण मी समजू शकते. सगळं जग एकाच वेळी एका नव्या गावात पाऊल टाकतंय आणि आपणही त्यात आहोत, ही मजा खोटी नाही. पण जे गेम कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे ऑनलाइनच चालतात त्यांची पहिली रात्र आगाऊ पैसे दिल्याने मिळतेच असं नाही. मे २०१२ मध्ये डायब्लो ३ आला तेव्हा जगभरचे लोक तासन् तास 'एरर ३७', म्हणजे सर्व्हरवर गर्दी आहे, एवढंच वाचत बसले होते. आणि तुमच्यासारखाच चौघांनी मिळून खेळायचा हेलडायव्हर्स २, त्याचं उदाहरण बघ. ८ फेब्रुवारी २०२४ ला आला. गेम सुरेख होता, पण इतके लोक तुटून पडले की बनवणाऱ्यांना एका वेळी साडेचार लाखांहून जास्त जणांना आत घेता येईना. पैसे भरलेले लोक दारात रांग लावून बसले. ज्यांनी दोन आठवडे थांबून घेतला त्यांचं काय बिघडलं? वाचता येण्यासारखी भरपूर परीक्षणं त्यांच्या हाताशी होती.

म्हणजे प्री-ऑर्डर कधीच करू नये का? तसं मी म्हणणार नाही. एक फायदा खरा आहे आणि तुझ्या बाबतीत तो लागूही पडतो, तो म्हणजे गेम आधीच उतरवून ठेवता येतो. हिशेब कर. १२० जीबीचा गेम आणि ३० एमबीपीएसचं कनेक्शन असेल, तर पूर्ण वेग मिळाला तरी जवळजवळ नऊ तास लागतात. पीजीच्या वायफायवर आणखी पंधरा जण असतात, त्यामुळे अठरा तासही लागू शकतात. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन घेतलास तर शनिवार दुपारपर्यंत नुसती निळी पट्टी सरकताना बघत बसशील. पण असं आधी उतरवणं सहसा शेवटच्या दोन-चार दिवसांतच सुरू होतं. त्यासाठी अडीच महिने आधी पैसे भरायची गरज कुठे येते? दुसरं म्हणजे मोजक्या संख्येने निघणारी संग्राहकांची आवृत्ती, पुतळा, नकाशा, कापडी पिशवी असलेली. ती खरोखर संपते. कुणाला ती मनापासून हवी असेल आणि परवडत असेल, तर नाव लावायला हरकत नाही. छोट्या गावात राहणारे, कन्सोलवर डिस्क घेणारे वाचकही यात येतात, कारण तिथे दुकानदार मागणीप्रमाणेच डिस्क मागवतो. अशा वेळी आगाऊ रक्कम कमीत कमी द्यावी, पावतीवर गेमचं नाव, आवृत्ती आणि 'न मिळाल्यास पूर्ण परतावा' एवढं लिहून घ्यावं. मी ते घेतलं नव्हतं. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. डिस्कचा आणखी एक गुण म्हणजे खेळून झाल्यावर ती विकता येते. फाइल विकता येत नाही.

आणि अर्ध्यावर असलेला गेम आधीच विकतात, ज्याला अर्ली ॲक्सेस म्हणतात, त्याची गल्लत प्री-ऑर्डरशी करू नकोस. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० पासून तसा विकत मिळत होता आणि पूर्ण होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये आला. मधल्या काळात घेणाऱ्यांना अपुरा का होईना, गेम हातात मिळत होता, खेळता येत होता. तिथे म्हैस अर्धी तरी पाण्याबाहेर असते.

परताव्याचे नियम तू लिहिले नाहीस, पण ते माहीत असणं हीच तुझी खरी सुरक्षितता आहे. स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आगाऊ घेतलेला गेम तो बाजारात येईपर्यंत केव्हाही रद्द करता येतो. आल्यानंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. २०२४ पासून एक बदल झालाय, तो तुझ्या मित्रांना जरूर सांग : डिलक्सवाल्यांना मिळणाऱ्या आधीच्या दिवसांत खेळलेला वेळही त्या दोन तासांत धरतात. म्हणजे मंगळवारी रात्री चार तास खेळून 'नको रे, परत देतो' म्हणता येणार नाही. ज्या मार्गाने पैसे भरले त्या मार्गाने परत पाठवता आले नाहीत, तर ते स्टीमच्या वॉलेटमध्ये येतात, हेही लक्षात ठेव. प्लेस्टेशनवर नियम जास्त कडक आहेत. तिथे गेम उतरवायला किंवा स्ट्रीम करायला सुरुवात केली की, गेम सदोष असल्याशिवाय, सहसा परतावा नाही. म्हणून कन्सोलवर आगाऊ घेणाऱ्यांनी ऑटो डाउनलोड बंद ठेवावं आणि परीक्षणं वाचल्यावर स्वतःच्या हाताने सुरू करावं.

ते दोन तास कसे वापरायचे याचीही एक रीत आहे. बहुतेक जण त्यातला पाऊण तास पात्राचं नाक, भुवया आणि केस ठरवण्यात घालवतात. तू तसं करू नकोस. जे तयार पात्र समोर येईल ते घे आणि पुढे चल. पहिल्यांदा सुरू करताना गेम बराच वेळ काहीतरी तयार करत बसतो, तो वेळही घड्याळात मोजला जातो. सुरुवातीच्या बंद खोलीत सगळं गुळगुळीतच चालतं, म्हणून लवकरात लवकर गर्दीच्या जागी जा, बाजारात, लढाईत, पावसात. तिथे चित्र अडखळतं का, पंखा किंचाळतो का, आवाज मागे पडतो का ते बघ. अक्षरं तुझ्या पंधरा इंची पडद्यावर वाचता येतात का, तेही बघ. आणि मुख्य म्हणजे एका मित्राला आत बोलावून दहा मिनिटं तरी एकत्र खेळून बघ, कारण तुला हा गेम त्यासाठीच हवाय. सव्वा तासाला थांब आणि ठरव.

पाठिंब्याचं तू विचारलंस, ते वाचून बरं वाटलं. बनवणाऱ्यांचा विचार करणारे गिऱ्हाईक कमी असतात. पण मोठ्या कंपनीला तू अडीच महिने आधी दिलेले ३,९९९ आणि शुक्रवारी दिलेले ३,९९९ यांत बनवणाऱ्या हातांसाठी काही फरक नाही. उलट, सगळे पैसे आधीच जमा असले की गेम अर्धाकच्चा असतानाही तारीख गाठायचा दबाव त्याच हातांवर येतो. मनापासून पाठिंबा द्यायचाय ना, तर आपल्या जवळच्या छोट्या लोकांकडे बघ. राजी हा सुंदर गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, २०२० मध्ये आला. असे गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे दुकानातल्या आपल्या 'हवे आहेत'च्या यादीत, टाकून ठेवायला एक पैसा लागत नाही. गेम आला की दुकान तुला स्वतःहून कळवतं, आणि छोट्या टीमला आपल्याकडे किती डोळे लागलेत ते कळतं. मग पहिल्या आठवड्यात घ्यायचा आणि खेळून चार प्रामाणिक ओळी लिहायच्या. त्या चार ओळींचं मोल त्यांना फार असतं. मोबाइलवर पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस २०२४ मध्ये आला, त्याचीही पूर्वनोंदणी फुकट होती. आगाऊ नाव द्यायचं, आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, हा मला गिऱ्हाईक आणि बनवणारा दोघांनाही मान देणारा मार्ग वाटतो.

आता मित्रांकडे येते.

तू लिहिलंयस की डिलक्स घेतलं नाही तर तू ग्रुपमधून बाहेर पडशील. माझ्यासोबत जरा कॅलेंडर उघड. डिलक्सवाले मंगळवारपासून खेळणार, साधेवाले शुक्रवारपासून. तुम्ही चौघं भेटता कधी? शनिवारी रात्री. मंगळवार आणि शुक्रवार हे दोन्ही शनिवारच्या आधीच येतात रे! ते जास्तीचे दीड हजार रुपये ज्या तीन रात्रींसाठी आहेत त्या आहेत मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. त्या दिवशी तुला सकाळी ऑफिस, बंगळुरूवाल्याला ऑफिस, आणि आपली रात्र म्हणजे कॅनडातल्या मित्राची वर्गाची वेळ. त्या तीन रात्रीत चौघं एकत्र जमणार तरी कसे? फार तर एखादा एकटा थोडं फिरून येईल. तुझी शनिवारची रात्र दोन्हीकडून जशीच्या तशी आहे. दीड हजार म्हणजे तू घरी पाठवतोस त्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. आणि पूर्ण डिलक्स म्हणजे घरचे पैसे गेल्यावर उरणाऱ्या २१ हजारांतला पाव भागाहून जास्त. तुझ्या मित्रांचे पगार काय, त्यांच्या घरच्या जबाबदाऱ्या काय, ते तू लिहिलं नाहीस. त्यांना तुझ्या माहीत आहेत का?

हे विचारते, कारण 'तू नेहमीच मागून येतोस' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला बहुधा तुझा हिशेब ठाऊक नसावा. तू पत्रात चार ठिकाणी 'त्यांना काय वाटेल' असं लिहिलंयस, पण त्यांना काही सांगितल्याचं एकाही ठिकाणी लिहिलेलं नाहीस. पहिल्या नोकरीत हे खूप जणांचं होतं. कॉलेजात सगळ्यांचे खिसे सारखेच रिकामे असतात, टपरीवर एक कटिंग दोघांत जातो. नोकऱ्या लागल्या की खिसे वेगवेगळे होतात आणि कुणी ते मोठ्याने बोलत नाही. मग गेम असो, गोव्याची ट्रिप असो की कुणाच्या लग्नातला सूट, ज्याच्यावर घरची जबाबदारी आहे तो गप्प राहून खर्च करतो किंवा गप्प राहून मागे सरतो. दोन्हींत मैत्रीचं नुकसान आहे. म्हणून ग्रुपवर फार लांबण न लावता एवढंच लिही : 'घेतली तर मी साधी आवृत्ती घेणार. तुम्ही मंगळवारी खेळून बघा आणि चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर कसा चालेल ते सांगा, त्यावर मी बुधवारी ठरवतो. या महिन्यात घरी पैसे पाठवून एवढंच बसतंय. शनिवारी नेहमीच्या वेळी आहेच.' यात विनवणी नाही आणि सारवासारवही नाही. मागून येणाऱ्या मित्राला पुढे गेलेल्यांनी वाट कशी आहे ते सांगायचं असतं, त्यासाठीच तर ते मित्र.

कुणी यावर चेष्टा केली, तर एकदा होऊ दे. दर महिन्याला होत राहिली तर मला पुन्हा लिही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. आणि मंगळवारची बातमी वाईट आली, गेम कोसळतोय असं कळलं, तर तुझे ३,९९९ वाचले. त्या शनिवारी चौघांनी जुनाच गेम खेळायचा. तिघांपैकी कुणी आजच विचार बदलला तर त्यालाही सांग, अजून अडीच महिने बुकिंग रद्द करता येतं.

जाता जाता पालकांसाठी, कारण 'मुलगा वाढदिवसाला आगाऊ गेम मागतोय' अशी पत्रं येतात. मुलाला गेमची पावती देण्याऐवजी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या त्याच्या वॉलेटमध्ये तेवढी रक्कम भरून द्या आणि परीक्षणं आली की दोघं मिळून वाचा. वयोमर्यादाही त्याच वेळी बघून होते. गेम वाईट निघाला तर त्याच पैशांत त्याला दुसरा निवडता येतो, आणि निवडणं त्याचं त्याला शिकता येतं.

तर तुझ्या बुधवारबद्दल. मंगळवारी रात्री मित्रांचं ऐकायचं, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन परीक्षणं वाचायची, त्यातलं एक तरी तुझ्यासारख्या साध्या लॅपटॉपवर चालवून बघणाऱ्याचं असू दे. लॅपटॉपवर जागा किती रिकामी आहे ते आजच बघून ठेव. पटलं तर बुधवारी संध्याकाळी घे आणि डाउनलोड रात्री अकरानंतर लाव, खोलीतल्या दोघांना आधी सांगून. त्यांचे घरी व्हिडिओ कॉल त्याच वायफायवर चालतात ना. गुरुवारच्या रात्रीपर्यंत उतरलेला असेल. शनिवारी कसं झालं ते मला कळव.